दोरीवरची नळी

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. बाबांना लघवीसाठी दिवसातून चार वेळा कॅथेटरची नळी लागते. एकदा वापरायची आणि टाकायची. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला छापील किमतीखाली उतरत नाही, लुटारू मेला. म्हणून आज अर्धी रजा टाकून टी. नगरच्या बाजारात गेले. साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत निम्म्या भावात देणारा घाऊकवाला सापडला. खुशीत खोकं घेऊन घरी आले, तर बाल्कनीतल्या दोरीवर, धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांशेजारी, चिमटा लावून वाळत घातलेली नळी.

"बाबा, हे काय?"

"उकळून घेतली आहे गं. चांगली आहे अजून."

म्हणजे गेल्या महिन्यातला बाबांचा तो ताप यामुळेच? आणि डॉक्टरांपासूनही बाबांनी हे लपवलं. ओरडले मी, खूप ओरडले. नळी फेकली, दुधाच्या पिशव्याही ओरबाडून काढल्या. पिशव्यांनी काय बिघडवलं होतं?

पण बाबांना हे सुचलं कुठून? चिमटा लावलेली ती नळी डोळ्यांपुढून हलत नाही. "नळ्या परवडत नाहीत रे दादा आता," असं मी फोनवर म्हणाले होते, तेव्हा बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं.