डाव्या डोळ्याच्या एकोणीस ओळी

मी, जहांआरा खैरुद्दीन मुकादम, वय सत्तावीस, वस्त्रतंत्राची पदविकाधारक, सध्या राहणार डेरा, दुबई, अल्लाहला स्मरून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. येत्या बोटीने मी हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जात आहे. शुद्ध पूर्ण आहे, भीती मोजकी आहे.

१. माझी शिल्लक आणि दोन बांगड्या शरियतप्रमाणे वारसांना जाव्यात. त्यात माझी वेगळी इच्छा नाही.

२. मोजणीचं भिंग, सुया आणि रंगवलेल्या लोकरीच्या लडी धाकटी बहीण रुकय्या हिला. अब्बा हयात असल्याने ती वारस नाही, म्हणून तिला देता येतं. भिंग अब्बांच्या दुकानातल्या हनीफभाईंच्या हाती जाऊ नये. त्यांनी त्याने उन्हात सिगारेट पेटवून दाखवली होती.

३. माझ्या कपाटात चौकटीत ताणलेला, तळहाताएवढा विणलेला चेहरा आहे. तो माझा नाही. तो शाळेत चित्रकला शिकवणारे मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, ख्रिस्ती गृहस्थ, उस्ताद बिशारा, यांचा आहे. त्यांच्या आजोबांना तो तिकडच्या अखमीम गावच्या जुन्या दफनभूमीतल्या अंगरख्यावर मिळाला. डोक्यामागे पिवळं वलय आहे, म्हणजे कोणी संत असावा. दुकानात तो पाहून अब्बा म्हणाले होते, "कुणाच्या कफनातलं घरात आणलंस?" हनीफभाई म्हणाले, "खलास! आता चिंध्यांनाही काच बसवणार आमची इंजिनीअर."

अब्बांना तेव्हा उत्तर दिलं नाही, ते इथे देते. इंचात सत्तावीस उभे धागे लिननचे, शंभराहून जास्त आडवे लोकरीचे. नाकाच्या कडेला विणकराने आडवा धागा सरळ न नेता वळवला आहे. आमच्या संस्थेत याचे गुण कापले असते. पण त्याच वळणामुळे गाल भरलेला दिसतो. तीन रंगांत त्याने एक माणूस उभा केला, आणि तो माणूस काहीतरी ऐकतो आहे असं वाटतं. इतकं चांगलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

उस्तादांनी तो फक्त धुवायला दिला होता. मी आधी चाचणी घ्यायला हवी होती. घेतली नाही. विहिरीच्या मचूळ पाण्यात मळ सुटला आणि चेहऱ्याचा डावा डोळाही सुटला. तिथली लोकर मळानेच धरून ठेवली होती. निघालेले अकरा तुकडे मी डबीत ठेवले आणि डोळा सुईने नवा विणला. मला नऊ दिवस लागले.

उस्ताद मला आनिसा, म्हणजे कुमारी, म्हणतात. चेहरा पाहून ते म्हणाले, "आनिसा जहांआरा, मळाखाली हा डोळा शेकडो वर्षं असाच राहिला!"

मी "हो" म्हणाले.

चौकट होईपर्यंत चेहरा त्यांनी माझ्याकडेच ठेवला. चौकट होऊन दोन महिने झाले. ते विचारतात, मी "अजून थोडं" म्हणते. जुन्या विणकराने उजवा डोळा सात ओळींत संपवला आहे. मला डाव्याला एकोणीस लागल्या. भिंगाखाली कोणालाही दिसेल. उस्तादांनी भिंग कधी मागितलं नाही.

परत आले तर मी स्वतः सांगेन. न आल्यास रुकय्याने चौकट आणि डबी घेऊन जावं, हे कलम त्यांना वाचून दाखवावं आणि मग विचारावं. काढा म्हणाले, तर तिने मागच्या बाजूने, मी मारलेल्या निळ्या गाठीपासून, एकोणीसही ओळी उसवाव्यात. जुन्या धाग्याला सुई लागू देऊ नये. राहू दे म्हणाले, तर राहू द्यावं. मात्र चौकटीमागे शाईने लिहावं: उजवा डोळा विणकराचा, डावा जहांआराचा.

४. माझं कफन साधं असावं. त्यावर काही विणू नये.

साक्षीदारांनी माझी सही पाहिली आहे, मजकूर वाचलेला नाही.

सही: जहांआरा खैरुद्दीन मुकादम
साक्षीदार: जहूर तय्यब परकार, याकूब हमदुल्ला काझी
डेरा, दुबई. १४ ऑक्टोबर १९६६