काढा कोणी प्यायचा

लिमा, ३ जून

ती. कासिल्दाताईस,
एल्मेरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला बोलवत नाही, म्हणून लिहितो. बांधकामावर जाणे सोडले आहे. अंथरुणातून उठवत नाही आणि झोपही लागत नाही. परवा नदीच्या पुलावर बराच वेळ उभा होतो. डेलिसिया शोधत आली. बायको झाली तरी किती पहारा करणार?

तू परदेशी पाहुण्यांना आयावास्का वेलीचा, भास दाखवणारा काढा देतेस. मन मेलेली माणसे तुझ्याकडून हसत परततात, असे इथे बसून ऐकतो. मलाही दे. घरचा म्हणून रांगेत शेवटी उभा कर, चालेल.

लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये.
तुझा धाकटा,
एल्मेर

यारीनाकोचा, १२ जून

चि. एल्मेरास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. पुलापर्यंत जाण्याआधी बहीण आठवली नाही? ये. पथ्य आजपासून धर. मीठ नाही, मिरची नाही, डुकराचे मांस नाही. बायकोपासून वेगळा नीज. उकडलेली केळी आणि भाजलेला मासा खा. डेलिसियाला सांग, दया येऊन चिमूटभरही मीठ टाकू नकोस.

एक विचारते, खरे लिही. डॉक्टरांच्या गोळ्या घेतोस का? मनाच्या गोळ्यांवर हा काढा पडला तर माणूस हातचा जातो. परके लोक हे न विचारता सांगतात. आपली माणसे मान डोलावतात आणि लपवतात.

उत्तर दिल्याशिवाय बसमध्ये बसू नये.
ताई

लिमा, २० जून

ती. ताईस सा. न.

गोळ्यांचे विचारलेस. आता घेत नाही. वर्षभर घेत होतो. तुझे पत्र आले त्याच दिवशी उरलेल्या मोरीत ओतल्या. मीठ बंद, तर गोळ्याही बंद. आपल्या वैदू बाबांच्या हाताखाली पथ्य शिकलो आहे, अर्धे पाळणाऱ्यांतला नाही. हात कापतात, मान वळवली की डोक्यात वीज चमकते, पूल पुन्हा डोळ्यांपुढे येतो. म्हणजे पथ्य लागू पडते आहे. डेलिसिया रडते. ती शहरात वाढली, तिला यातले कळत नाही.

महिनाअखेर निघतो. जागा धरून ठेवावी.
एल्मेर

यारीनाकोचा, २६ जून

चि. एल्मेर, आशीर्वाद देते, कारण तशी पद्धत आहे.

पत्र मिळताच डेलिसियाला फोन केला. ती तुला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हे कळले. त्यामुळे हे पत्र केवळ तुला बोलण्यासाठी. मी मीठ म्हटले. डुक्कर म्हटले. गोळ्या ओत, असे कुठे म्हटले? त्या बाईंनीच हळूहळू उतरवायच्या असतात. आजार लपवायचा आणि पथ्यात पहिला नंबर काढायचा, हे तूच करू जाणे.

परक्यांना देते आणि भावाला नाही, असे तू मागून कुरकुरत होतास म्हणे. ऐक. बाबांनी उभ्या जन्मात रोग्याला काढा पाजला नाही. काढा ते स्वतः पीत. रोगी चटईवर पडून राही आणि बाबा त्याच्यावर रोग उतरवायची गाणी गात. रोग्याने प्यायचे वेड पाहुण्यांनी आणले. बाबांच्या शिष्याला ते कधीपासून लागले?

तू येऊ नकोस. गुरुवारच्या बसने मी निघते. आपली गोळी घे आणि पडून राहा. पिणार मी. तुझ्या आत काय बसले आहे ते बघायला मी उतरेन, मी गाईन, आणि काढ्याने ओकायचे तेही मीच ओकेन. तू फक्त जागचा हलू नकोस.

राग अजून आहे. लोभ त्याहून जुना आहे, एवढे कळावे.
ताई