पदरावरून ऐकलेलं काळीज

सगुणा,

जन्मभर एका घरात राहिलो, तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. आज लिहितोय, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगायचा धीर होत नाही.

काल खोकल्याच्या गोळ्यांसाठी कार्ल्याच्या दवाखान्यात गेलो. सिस्टरकडे नवीन यंत्र होतं. डॉक्टरच्या नळीसारखंच, पण मोबाइलला जोडलेलं. काळजाचा आवाज ऐकून झडपेत बिघाड वाटतो का, ते एआय म्हणे सांगतं.

"आबा, सदरा काढा."

"वरनंच लावा की. थंडी लय हाय."

"कापड घासलं की आवाज नीट येत नाही. लाजताय होय?"

"लाजतोय कुटं!" म्हणालो, आणि बटणं काढताना तू आठवलीस.

तू कधी पदर बाजूला करू दिलास का गं? लुगडं, पोलकं, वर शाल! एवढ्यातून डॉक्टरला काय ऐकू येणार? ताकदीचं औषध घेऊन आपण घरी. पुण्याच्या डॉक्टरांनी झडप खराब झाल्याचं सांगितलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

कुरवंड्याला तुझ्या माहेरी जाताना चढावर थांबायचीस. "तुमी व्हा म्होरं, मी करवंदं बगते." दिवाळीत कसली करवंदं? दम लागला म्हणायला काय झालं होतं? आणि मीही पुढं चालत राहायचो!

यंत्रानं माझ्याही झडपेबद्दल शंका काढलीय. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका. हे फक्त शंका सांगतं, कधी चुकतंही. लोणावळ्याला हृदयाची सोनोग्राफी केली की खरं काय ते कळेल."

घाबरू नका म्हणे! ऑपरेशन सांगितलं तर? म्हशीला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला चालत नाही. जेवण गेलं नाही.

आपल्या दत्तूनं विचारलं, "दवाखान्यात काय म्हनले, आबा?"

"काय न्हाई. साधा खोकला."

बघ, मीही करवंदंच बघत बसलो.

दत्तू आता गोठ्यात आहे. पत्र संपलं की तिथं जाऊन त्याला सगळं सांगतो. लोणावळ्याला सदरा कुणी सांगायच्या आधी काढीन. आणि कुरवंड्याच्या चढावर दम लागला, तर दगडावर बसून मोठ्यानं म्हणेन, दम लागलाय, थांबा.

ज्याला तू नुसतं "अवं" म्हणायचीस,
तो तुझा