कडेवर बाळ घेऊन दिलेली मुलाखत

नाशिक रोड,
डिसेंबर १९८३

तीर्थरूप भिकनमामांस,

सावळीरामचा सविनय जयभीम. आपला गुडघा आता कसा आहे? शकुमामींनी नांदगावहून पाठवलेल्या शेवया पोचल्या आणि संपल्याही. आई ठणठणीत आहे (मला हाक मारते ती मागच्या चाळीत ऐकू जाते, त्यावरून अंदाज यावा). आपण लिहिलंत की, तुला सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली, तर मुलाखतीत पहिली छाप कशी पाडावी ते माझ्या मॅट्रिकच्या पोरांसाठी लिहून पाठव. मामा, जे घडलं ते लिहितो. वर्गात वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

कारखाना पंपांचा. जागा दोन, एक हिशेबनिसाची, एक टायपिस्टची. मी हिशेबनिसासाठी गेलो. आमचे शेजारी रावजी (स्वतः वडिलांच्या जागी चिकटले, मुलाखत कशी असते ते त्यांनी पाहिलेलं नाही) यांनी आठवडाभर माझी तालीम घेतली. छाती पुढे, नजर समोर, 'मे आय कम इन सर' खणखणीत, आणि सांगितल्याशिवाय बसायचं नाही. आईने शर्टाला अशी खळ घातली होती की मी वाकलो की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

तिथे बाकावर माझ्या शेजारी पेठकडच्या एक बाई होत्या, भागी नावाच्या. टायपिंगच्या परीक्षेला आलेल्या, मांडीवर वर्षाच्या आतली मुलगी. मुलीला सांभाळायला येणाऱ्या बहिणीची एस.टी. चुकलेली. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी बाकावरच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यात काय दिसलं कोण जाणे, मुलगी माझ्या हातात दिली.

"यशोदा नाव हिचं. एवढी परीक्षा होईतो बघाल का? फक्त रडू देऊ नका. हिचं रडणं कानावर आलं ना, तर माझ्याच्यानं तिथं बसवणार नाही."

त्या आत गेल्या, आणि लगेच शिपायाने शेजारच्या खोलीसाठी माझं नाव घेतलं. मी आशेने बाकावर पाहिलं, तर बाकीचे सगळे उमेदवार एकाएकी छताचा पंखा न्याहाळू लागले. काय करणार? यशोदेला घेऊन गेलो. दारात छाती पुढे काढली, नजर समोर ठेवली आणि 'मे आय' म्हणायला तोंड उघडलं, तर तिने त्यात मूठ घातली.

टेबलापलीकडे दोन साहेब आणि मधे सिंधुबाई, तिथल्या ऑफिसच्या मुख्य. त्यांनी अर्ज पाहिला, बाळ पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला.

"इथे अविवाहित लिहिलंय."

"हो, मॅडम."

"मग हे?"

"बाहेरच्या बाईंचं आहे."

मामा, वाक्य शंभर टक्के खरं होतं. पण एका साहेबांनी चष्मा काढला आणि दुसऱ्यांना ठसका लागला, तेव्हा ते कसं ऐकू आलं ते मला समजलं. मग सगळी हकिकत सांगितली. सिंधुबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा. घसारा म्हणजे काय, सांगा."

हे मला झोपेतही येतं. पण मी सुरुवात करतो तोच यशोदेने ओठ काढला आणि पहिला सूर लावला. त्याच क्षणी भिंतीपलीकडचा टाइपरायटरचा खडखडाट थांबला. ती बाई खुर्चीच्या काठावर आली असणार, आणि उठली की तिची परीक्षा संपली, हे मला लख्ख दिसलं. मग कसली छाप आणि कसलं काय! मी न विचारता उठलो, मुलीला खांद्यावर घेतलं आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागलो. आई दळण निवडताना गुणगुणते ती चाल धरली. शब्द येत नव्हते, म्हणून समोर होतं तेच घातलं : यंत्र झालं जुनं गं बाई, किंमत झाली उणी. तीन कडवी झाली असतील. यशोदा गप्प झाली. पलीकडे टाइपरायटर पुन्हा सुरू झाला, आणि मला इतकं बरं वाटलं की तिने खळीच्या शर्टावर दूध ओकलं तेही मी उभ्या उभ्या हसत घेतलं.

टायपिस्टची जागा भागीबाईंना मिळाली. हिशेबनिसाची मला नाही मिळाली, ज्याला मिळाली त्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं बसून दिली होती. दिवाळीच्या तोंडावर डिस्पॅचमध्ये माणूस हवा होता तेव्हा म्हणे सिंधुबाईंनी विचारलं, "तो घसारा गाणारा मुलगा अजून मोकळा आहे का?" अशी माझी नोकरी. पोरांना यातून काय शिकवायचं ते मला सुचत नाही, तुम्ही जुने मास्तर आहात, बघा.

मामींना जयभीम. प्रकृतीस जपावे.

आपला भाचा,
सावळीराम

ता. क. : आईला एक गोष्ट सांगायची आहे, ती तुमचंच ऐकते. भागीबाईंचे यजमान यशोदेच्या जन्माआधीच गेले. आम्ही दोघं डबा एकत्र खातो. जात वेगळी, पदरात मूल, चारचौघं काय म्हणतील, हे सगळं आई बोलेल. तुम्ही येत्या रविवारी येऊन तिला समजवा. मला त्यांच्याशी घर मांडायचं आहे. एस.टी.चं भाडं मी देईन.

ता. क. दुसरा : भागीबाईंना मी अजून काहीच विचारलेलं नाही. रोज ठरवतो आणि रोज भाजी छान झाली आहे एवढंच म्हणतो. तुम्ही मामींना कसं विचारलं होतं, ते तेवढं उलट टपाली कळवा.