चंपाच्या वाटच्या शेंगा

बल्लारपूर, १२ डिसेंबर १९७४

मायले इंद्रभानचा सप्रेम जयभीम.

गोविंदामामा, हे पत्र मायले वाचून दाखवा तवा माही बायको चंपा समोर बसली पायजे.

माय, मी खानीत बरा हावो, पोटभर जेवतो. पन तुह्यं पत्र आलं अन् मी ताटावरून उठलो. अंडं खाल्लं की आपल्या मिलिंदच्या आंगावर गांधी उठते, हे खरं. त्याचं खापर चंपावर काहून फोडतं? म्हने पोटुशी असताना तिनं अंडे अन् शेंगा खाल्ल्या, म्हनून पोरगं असं झालं! आता दुसऱ्या बाळाच्या भेवानं तिचं सारंच बंद केलं. सातव्या महिन्यात बाई कोरड्या भाकरीवर कापूस वेचाले जाते, अन् तू लोकायले सांगतं का सून अशक्त हाय!

म्या इथल्या दवाखान्यात इचारलं. डाक्टरीनबाई माह्यावरच भडकली. म्हने, पोराले अंडं सोसत नाई तर पोराले देऊ नका, मायचं पोट कायले मारता?

तिचे पाय सुजते काय, हे मात्र तू लेहलं नाई. मिलिंद माही आठवन काढते काय?

मी पोटात होतो तवा तू पाटलाच्या वावरातल्या शेंगा ओटीत लपवून आनल्या अन् चुलीमांगं बसून खाल्ल्या, हे तूच हासत सांगत होती. माह्या आंगावर एक तरी गांधी उठली काय?

तवा तुह्यं खानं तुह्या सासूनं बंद केलं होतं. म्हनून तुले चोरून खा लागलं. माह्या बायकोले चोरून खायची पाळी आनू नको.

त्याच शेंगायवर वाढलेला तुहा पोरगा,
इंद्रभान