राज्य कोणावर

सोमवार, ४

लागलं बाई सामान एकदाचं! वर-खाली दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, लाकडी जिना आणि त्याखाली एक बुटकं कपाट. मी सगळ्यात आधी राउटर लावला, गॅस नंतर. नवरोबा जहाजावर इंजिनिअर आहे. त्याला फोटो पाठवला, तर म्हणे, पोरगी वायफाय खाणार आहे का? जळला मेला विनोद.

कंपन्यांची नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. पण खरी ड्यूटी ठकीची. ठकी, वय वर्षं सहा. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून जेवणाआधी इंजेक्शन, आणि दंडावर बटणाएवढा सेन्सर. तो रक्तातल्या साखरेचा आकडा माझ्या फोनवर पाठवतो. इंजेक्शन घेतलं आणि जेवली नाही, तर साखर उतरते आणि बेशुद्धी येते, त्यामुळे माझा जीव त्या आकड्यात. डॉक्टरीणबाईंनी रोज चार ओळींची नोंद ठेवायला सांगितलं आहे. मी आपली पाल्हाळ लावते.

गुरुवार, ७

दिवसभर लपाछपी. राज्य कायम माझ्यावर, कारण ठकीला लपायला आवडतं आणि मागून येऊन माझ्या पाठीत 'धप्पा' घालायला त्याहून जास्त. आज मात्र जिन्याखालच्या कपाटात लपली आणि सेन्सर आतच पाडून आली. टॉर्च घेऊन शोधला. कपाटाची मागची फळी सुटली आहे, तिच्या फटीतून पलीकडे पडला असणार. गेला तर गेला.

जुना डाव्या दंडावर होता, त्यावर माशाचं स्टिकर होतं. नवा उजव्या दंडावर लावला, त्यावर फुलपाखरू. आकड्यांची रेघ काढणारा एक प्रोग्रॅम मी लॅपटॉपवर लिहिला आहे, त्यात आता दोन सेन्सर दिसतात. नव्याला 'ठकी' नाव दिलं, हरवलेल्याला गमतीने 'भूत'. भुताची जागा रिकामीच आहे. कातडीला चिकटल्याशिवाय सेन्सर आकडा देत नाही.

रविवार, १०

भुताला आकडा आला.

ओल लागली असेल, असं म्हणून सोडून दिलं. पण ठकीची साखर उतरली तर असावा म्हणून ठेवलेला बिस्किटांचा पुडा संपलेला सापडला. तिला रागावले. ती रडली, मी नाही खाल्ली म्हणाली, कपाटातलीने खाल्ली. ती छान लपते, पण राज्य घेत नाही, रडीचा डाव खेळते. मला हसू आलं. एकट्या पोरांना असल्या मैत्रिणी असतातच.

मग रेघा पाहिल्या. ठकीची सरळ होती. बिस्किटं खाल्ल्यासारखी चढली होती ती भुताची. पोरीला उगाच रडवलं, याचं फार वाईट वाटलं. दुसऱ्या गोष्टीचा विचार केला नाही.

मंगळवार, १२

कपाटाला कडी घातली. तेव्हापासून भुताची रेघ उतरते आहे, उपाशी माणसाची उतरते तशी. ठकी सारखी म्हणते, कडी काढ, तिला भूक लागली.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, यंत्राच्या नादी लागू नका, शंका आली की बोट टोचून रक्त तपासा, बोट खोटं बोलत नाही. टोचलं. ठकीने घर डोक्यावर घेतलं. आकडा बरोब्बर तिच्याच रेघेचा. म्हणजे माझी यंत्रणा चोख आहे. म्हणजे ती दुसरी रेघही—

नवरोबाचा मेसेज आला: सेन्सर बिघडलाय, तू झोप काढ.

बुधवार, १३, दुपार

जेवणाआधीचं इंजेक्शन दिलं आणि ताट वाढणार तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. अर्धं नेटवर्क बंद. ठकीने विचारलं, एकच डाव? मी स्क्रीनवरून नजर न काढता 'हं' म्हटलं.

कॉल संपल्यावर हाका मारल्या. कपाटाची कडी तिनेच काढलेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. थंडी म्हणून मी तिला सकाळीच स्वेटर घातला होता, त्यावर ही धूळ! पण जेवली मात्र गुणी मुलीसारखी. एरवी मटाराचा दाणा दाणा वेचून बाजूला काढते, आज ताट चाटून-पुसून लख्ख. एवढा आनंद झाला मला.

बुधवार, जेवणानंतर

ठकीची रेघ उतरते आहे. एवढं जेवून? ज्यूस दिला. गटागटा प्यायली. तरी उतरतेच आहे.

भुताची चढते आहे.

थोड्या वेळाने

बोट टोचलं. हूं की चूं नाही. आकडा भुताचा. अगदी तोच.

स्वेटरची बाही वर केली. उजवा दंड रिकामा. डाव्यावर मासा.

लगेच

ठकी कुठे आहे विचारलं. हसली. आता राज्य तुझ्यावर, म्हणाली. आवाज ठकीचाच.

रुग्णवाहिकेला फोन केला. मुलगी कुठे आहे, विचारतात. भिंतीत म्हटलं. मागे कोण बोलतंय, विचारतात. ती म्हणत होती, आई, मी इथेच आहे ना. त्यांनी मला शांत व्हायला सांगितलं—

फोन हातात. ठकीच्या सेन्सरचा सिग्नल धरून चालले आहे. ओट्याजवळ नाही. जिन्याजवळ येतो. कपाटात पूर्ण.

इंजेक्शन माझ्या ठकीने घेतलं. जेवली ती दुसरीच.

फळी निघाली. आत आले. एका हाताने लिहिते आहे. हे कुणी वाचलं तर आधी ठकीला साखर द्या, काही विचारू नका, आधी साखर—

हाताला बोटं लागली. गार. दंडावर फुलपाखरू. माझीच आहे. श्वास आहे, बारीक. ज्यूस ओट्यावर राहिला. देवा, ज्यूस ओट्यावर—

बाहेरून कडी लागली.

दार हलत नाही. आकडा उतरतो आहे. बाहेर ती ऑफिसच्या कॉलला माझ्या आवाजात 'हं' म्हणते आहे—

ठकी, डोळे उघड. आई आली बघ, तू जिंकलीस. धप्पा म्हण. एकदाच म्हण, सोन्या, धप्—