दगडूचा मुका डबा

९ ऑगस्ट १९७२

आवाज नाही! व्हॉल्व्ह सगळे पेटतात, ट्रान्सफॉर्मर गरम होतो, आणि स्पीकरमधून साधी खरखरसुद्धा नाही. रेडिओ बिघडला तर निदान कुरकुरतो तरी. हा गिटारचा ॲम्प्लिफायर नुसता माझ्याकडे बघत बसलाय.

सकाळी किनाऱ्यावरच्या चौक गावचे धर्माजी कोळी एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. "मिस्त्री, डबा बोलत न्हाय. माझ्या दगडूचा हाय." दगडू त्यांचा मुलगा. हळदीला गिटार वाजवायचा, स्वतःची पार्टी होती त्याची. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातून हा डबा जुना उचलला. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर होडी घेऊन गेला तो गेलाच. होडीच्या फळ्या मिळाल्या, माणूस नाही.

"पुनवेला वाजला पायजे. गिटार बाबाजी वाजवल, त्याच्याच पार्टीतला." एवढं बोलून गेले. मी हो म्हणून बसलो. आजवर असे दोन डबे उघडले असतील नसतील—म्हणे मिस्त्री!

११ ऑगस्ट

स्पीकरच्या तारांना बॅटरीचा सेल टेकवला. खट् झालं. म्हणजे स्पीकर जिवंत. मग मागून पुढे येत गेलो. शेवटच्या व्हॉल्व्हला हात लावला की घुमतं, पहिल्याशी सगळं गप्प.

एक गोष्ट लिहू की नको? डबा तापला की दुकानभर खोबऱ्याचा वास येतो. खवट. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, रेडिओवाल्याला तो परवडतही नाही. तरी आज काम करता करता सारखं मागे वळून पाहत होतो. भिंतच होती.

१४ ऑगस्ट

सापडलं! पहिल्या व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये हिरवा चिकट थर, पिना पार खाल्लेल्या. धर्माजी चौकशीला आले होते, त्यांच्यावरच घसरलो. आत काय ओतलंत?

ते म्हणाले, "नारलाचं पानी. पुनवेला होडी पुजतो आमी. गेल्या साली होडीच न्हवती. दगडूच्या आयशीनं डबाच पुजला, हलदकुकू लावलं, वर नारल वाढवला."

पाणी थेट जाळीतून आत! वास कसला ते कळलं. पण त्याने बरं काही वाटलं नाही.

१६ ऑगस्ट

सॉकेट बदललं. वायरच्या टोकाला बोट लावलं आणि—घूंऽऽ! बोट काढलं. आवाज बंद झाला, पण शेजारी कोणी श्वास रोखून बसलंय असं वाटत राहिलं. सरळ स्विच बंद केला आणि चहाला गेलो.

१८ ऑगस्ट

दगडूची बायको आली. आनंदी. पाटीत सुके बोंबील, पण विकायला आली नव्हती. हातभर हिरव्या बांगड्या.

वर्ष उलटलं तशी जातवाले बांगड्या उतरव म्हणून तिच्या मागे लागलेत, म्हणाली. तेव्हा तिने अट घातली. त्याचा डबा बंदरावर वाजवा. जित्ता असंल तर आवाजावर येईल. न्हाय आला तर बांगड्या उतरवीन.

"डबा मेलेला हाय म्हनून तर बोलले, भाऊ! सासरा तुमच्याकडं आनंल हे मला काय ठावं? त्याला बोलता करू नका. तुमच्या पाया परते."

खरंच वाकली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

२० ऑगस्ट

धर्माजी आले. चहा दिला, तो निवून गेला. "पोराला पानी द्याचं हाय, मिस्त्री. वर्सावर झाला, तहानेला फिरतो तो. आयशीच्या सपनात येतो, तांब्या मागतो. सुनेनं बांगड्या उतरवल्याबिगर मी पानी कसा देऊ?"

त्यांनाही हो म्हटलं. माझ्यासारखा गाढव मीच! रात्री जेवताना तांब्याकडे बघवेना.

२२ ऑगस्ट

केलं. पहिला व्हॉल्व्ह काढून त्या जागी जुना, दम गेलेला घातला. पेटतो छान, आवाज मात्र पुढे जाऊ देत नाही. बोट लावून पुन्हा पुन्हा खात्री केली. मुका.

धर्माजींनी विचारलं, वाजंल ना? म्हटलं, खाऱ्या हवेचा भरवसा देता येत नाही. त्यांनी डबा गोधडीत गुंडाळला, आजारी पोराला गुंडाळावं तसा. माझ्या तोंडाची चव गेली आहे.

२४ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. चौकला गेलो नाही. जेवलो नाही.

२५ ऑगस्ट

आनंदी आली होती. दोन्ही हात मोकळे.

"वाजला, भाऊ. पुरा वाजला. शेवटाला दगडू दर टायमाला चुकायचा ना, तितंच चुकला. बाबाजी तितं कदी चुकत न्हाय."

धर्माजी बाहेर उभे होते. त्यांना बाजूला घेतलं. म्हणाले, डबा मुकाच राहिला, बाबाजीने हात दुखेपर्यंत तारा छेडल्या, कोणाला काही ऐकू आलं नाही. ही एकटीच मान डोलवत ऐकत बसली होती. मग वाळूत बसून एकेक बांगडी उतरवली.

उद्या पाणी देणार आहेत. मला बोलावलंय.